धोडपच्या पायऱ्यांवर एक लाख लुमेन

आधी टॉर्च आला, मग सहल ठरली. लोक डोंगर ठरवून सामान घेतात, मी सामान घेऊन डोंगर शोधला.

मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यांना मी फसायला नको होतं. खोक्यावर लिहिलं होतं: एक लाख लुमेन, एक किलोमीटर रेंज, बारा तास बॅकअप. एक लाख लुमेन म्हणजे स्टेडियमच्या खांबावरचा दिवा मुठीत धरण्यासारखं आहे. हे कळत असूनही मी तो मागवला, आणि आल्यावर चार्ज करून गुपचूप लॅबमध्ये नेऊन लक्समीटरसमोर, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्रासमोर धरला. पहिल्या मिनिटाला समोरची भिंत पांढरीफटक पडली. तिसऱ्या मिनिटाला हँडल कढत झालं. चौथ्या मिनिटाला उजेड निम्म्यावर आला, कारण फार तापला की हा टॉर्च आपला आपण उजेड कमी करतो. फुल्लवर ठेवला तर सगळी बॅटरी सव्वा तासात संपते. मधल्या बटणावर साडेतीन तास जातात. सगळ्यात कमी उजेडावर बारा तासही निघतात, पण तो देवघरातल्या झिरोच्या बल्बइतका. म्हणजे खोक्यावरचे बारा तास खरे होते. फक्त ते त्या झिरोच्या बल्बचे होते, हे लिहायला जागा उरली नसावी.

तरीही तो मला आवडला होता. आता तो वापरायला एक अंधार हवा होता.

ताईला फोन केला. ताई आणि दाजी देवळाली कॅम्पात राहतात. दाजी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. रात्रीच्या फायरिंगला गोळा कुठे पडला ते दुर्बिणीतून बघून सांगायचं, हे त्यांचं काम, आणि ते त्यात तरबेज होते असं सगळे सांगतात. दाजी स्वतः कधीच सांगत नाहीत. ते मुळात फारसं काहीच सांगत नाहीत.

"यांना घेऊन जा गं बाई," ताई म्हणाली. "वर्षभर झालं, संध्याकाळचे घराबाहेर पडत नाहीत. फिरणं बंद, लग्नांना जाणं बंद. मूड नाही म्हणतात. रिटायर झालेल्या माणसाला मूड कशाला लागतो?"

असे आम्ही तिघं डिसेंबरमधल्या एका शनिवारी धोडपला निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता: द्वारका चौकातून आग्रा हायवे धरायचा. द्वारका ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ओझर यायला हवं, पण येत नाही. पुढे पिंपळगाव, मग वडाळीभोईला डावीकडे वळून धोडांबे आणि शेवटी हट्टी गाव. कॅम्पातून धरून दोन तास पकडा. हायवे उत्तम, आतला रस्ता बरा. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि वडाळीभोई सुटलं की समोर धोडप: एक प्रचंड सुळका आणि त्याला चिकटलेली कातळाची लांब भिंत. त्या भिंतीला मधेच चौकोनी खाच आहे. कुणीतरी केकचा तुकडा कापून नेल्यासारखी.

गाडी मीच चालवत होते. दाजी म्हणाले होते, "जाताना मी चालवतो, येताना तू चालव." मग मीच म्हटलं, राहू द्या, तुम्ही बागा बघा. येताना का नको, हे मी विचारलं नाही.

हट्टीतून माचीपर्यंत दीड तास लागला. माची म्हणजे किल्ल्याच्या खांद्यावरचं पठार. तिथे मोजकी घरं आहेत, म्हशी आहेत. एका घरातल्या हौसाबाईंकडे आम्ही जेवलो: पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा आणि घट्ट दही. माणशी दीडशे रुपये आणि आग्रह फुकट. पाच-सहा तरुणांचा एक ग्रुप तिथेच जेवत होता. त्यांच्यातल्या एकाने माझा टॉर्च हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, "मॅडम, याने विमान उतरवता का?"

मी खरं तर अशाच प्रश्नाची वाट बघत होते. मी लगेच त्यांना गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि फुल्ल बटण दाबलं. गोठा लखलखला. म्हशींनी माना फिरवल्या. पोरांनी "ओहो" केलं. लुमेन आणि लक्समधला फरक मी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितला, आणि ती दहाही मिनिटं टॉर्च चालूच होता.

हौसाबाई दारातून म्हणाल्या, "ताई, बंद करा वं ते. म्हशी दूध चोरत्याल."

माचीवरून वर जायला कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. काही ठिकाणी हात टेकवून चढावं लागतं. दाजी भराभर चढले, ताई आणि मी त्यांच्या मागे धापा टाकत. वर देवीची गुहा आहे. आत गारवा आणि चांगलाच अंधार. दाजी उंबऱ्याशी थांबले.

"वैशू, तो तुझा दिवा लाव."

मी मधल्या बटणावर लावला.

"फुल्ल नाही का?"

मी फुल्ल केला. ते सावकाश आत गेले, देवीसमोर हात जोडले, बाहेर आले. "चांगला आहे टॉर्च," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी माझ्या कुठल्या खरेदीचं कौतुक केलं होतं. मी हवेत. तेवढ्यात ताईचा मोबाईल आचके द्यायला लागला, तिला सूर्यास्ताचे फोटो काढायचे होते. या टॉर्चला पॉवरबँकेसारखी मोबाईल चार्ज करायची सोय आहे, ती मी अभिमानाने दाखवली आणि अर्धा तास ताईचा फोन त्याला जोडून ठेवला. माझ्या फोनची बॅटरी फोटोंच्या नादात कधीच संपली होती. लॅबमध्ये मी सगळं मोजलं होतं, गोठा आणि ताईचा फोन सोडून.

सूर्यास्त आम्ही खाचेपाशी बसून पाहिला. त्याचं वर्णन करत नाही, ताईकडे सत्तेचाळीस फोटो आहेत. सूर्य टेकताच दाजी उठले. "चला."

"थांबा की हो जरा," ताई म्हणाली. "आत्ता तर रंग चढतायत."

"चला म्हणतो ना!"

त्यांचा आवाज इतका चढला की शेजारचे दोन जण वळून बघायला लागले. ताईचं तोंड पडलं. ती उठली आणि पुढे चालायला लागली.

पायऱ्यांपाशी आलो तेव्हा संधिप्रकाश होता. मला टॉर्चची गरजही नव्हती, पण दाजी म्हणाले, "लाव. फुल्लवर." मी लावला. चार मिनिटांनी उजेड उतरला.

"कमी का केलास?"

"मी नाही केला दाजी. तापला की आपोआप होतो."

"मग थंड झाला की पुन्हा वाढव."

प्रत्येक वळणावर ते "वाढव" म्हणत आणि मी वाढवत होते. शिष्य गवसल्याचा आनंद होता मला. अर्ध्या पायऱ्या उतरलो आणि टॉर्चच्या मुठीवरचा बॅटरीचा हिरवा ठिपका लाल झाला. लाल ठिपका तीनदा लुकलुकला. मग एक लाख लुमेन एका क्षणात शून्य झाले.

ताईने मोबाईलचा दिवा लावला. तो बेताचाच होता, पण पायरी दिसत होती. आम्ही दोघी चार पायऱ्या उतरलो. मागे पावलांचा आवाज आला नाही म्हणून मी वळले.

दाजी खाली बसले होते. एक हात कातळावर सपाट टेकलेला, दुसरा हवेत.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी येतो सावकाश."

"आता काय झालं?" ताई अजून रागात होती. "इथे बसून राहणार का? मूड नाही?"

 दाजींनी एक पाय पुढे सोडला. पायरी डावीकडे होती, त्यांचा पाय उजवीकडे, जिथे नुसती हवा होती. मी ओरडले. ते झटकन मागे रेलले आणि तसेच राहिले.

"दाजी, पायरी इकडे आहे! दिसत नाही का?"

 ते अगदी हळू म्हणाले, "नाही गं. दिसत नाही."

ताईने मोबाईल त्यांच्या तोंडावर धरला. "म्हणजे काय दिसत नाही?"

"उजेड कमी झाला की दिसत नाही. आणि बाजूचंही नीट दिसत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

त्या पायऱ्यांवर वारा होता. वर्षभराची सगळी चुकवलेली लग्नं आणि बंद पडलेली फिरणी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. ताईच्याही गेली असणार. ती दोन पायऱ्या वर चढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"मग सांगायचं नाही का हो?"

"काय सांगू? रात्री तीन-तीन किलोमीटरवरचं बघून सांगायचो मी. आणि आता घरातला उंबरा दिसत नाही म्हणू?"

ताई रडायला लागली. मी हातातला टॉर्च हलवला, बटण दाबून पाहिलं. दाजींनी गुहेपाशी केलेलं कौतुक यंत्राचं नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. त्यांना तेवढा उजेड लागत होता, आणि मी आपली खूश.

आता काय करायचं? माचीवर भेटलेले ग्रुपवाले वरच मुक्काम करणार होते, हाक पोचणार नाही इतके लांब. ताईचा फोन बारा टक्क्यांवर होता. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील, तेवढ्यात खालून हाक आली.

"ओ ताईऽऽ! हायसा का तिथं?"

हौसाबाई होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोन सेलची जुनी पत्र्याची बॅटरी. त्या दमल्यासुद्धा नव्हत्या.

"अंगनातून दिसत व्हतं तुमचं. लय लख्ख. आनी एकदम गेलं. म्हनलं, पडलं का काय कोनी?"

म्हणजे माझ्या टॉर्चचा सगळ्यात मोठा उपयोग तो विझल्यावर झाला.

मी त्यांना दोन वाक्यांत दाजींचं सांगितलं. त्यांनी ना हळहळ केली, ना प्रश्न विचारले. काठी मला दिली आणि दाजींचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. "भाऊ, मी पाय टाकीन तिथंच टाकायचा. घाई नाय. ताई, तुम्ही मागून धरा त्यांना." हे शेवटचं मला होतं. बॅटरी त्यांनी माझ्या बहिणीकडे दिली. ताईने ती लांब, दरीकडे धरली.

"पायात धरा वं," हौसाबाई म्हणाल्या. "डोंगराला काय दावता?"

एरवी वीस मिनिटांची उतरण, आम्हाला तासापेक्षा जास्त लागला. "पायरी मोठी हाय", "हितं जरा वाकडी", "आता सपाट" असं हौसाबाई प्रत्येक पायरीला सांगत होत्या, आणि दाजी, जन्मभर हुकूम देत आलेला माणूस, प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते. माचीवर पोचल्यावर त्यांनी हौसाबाईंना वाकून नमस्कार केला. "काय करताय भाऊ!" म्हणून त्या मागे सरल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही रात्री तिथेच राहिलो आणि उजाडल्यावर उतरलो.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण राहिलेली सांभाळता येईल. रोज थेंब, दर तीन महिन्यांनी तपासणी. "वर्षभर आधी आला असतात तर," असं ते म्हणायला लागले आणि ताईकडे बघून थांबले. तुमच्या घरात कुणी संध्याकाळी बाहेर पडायचं टाळत असेल, तर मूडच्या आधी डोळे तपासा. या पोस्टमधली ही एकच माहिती मी खात्रीने देऊ शकते.

टॉर्चबद्दल विचाराल तर: पाचपैकी साडेतीन तारे. फुल्लवर वापरू नका, गोठ्यात तर नकोच.

मागच्या आठवड्यात मी कॅम्पात गेले होते. दिवेलागणीला आम्ही बाजारात निघालो, तर दाजींनी ताईचा हात धरला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने भर रस्त्यात बायकोचा हात धरलेला मी पाहिला नव्हता. भाजीवाली टक लावून बघायला लागली.

"डॉक्टरांनी सांगितलंय," ताई तिला म्हणाली.

मी तपासणीला दोघांबरोबर होते. डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नाही.