घमेलं ओतेपर्यंत

मामींच्या घशाच्या चूर्णाचं नाव साऱ्या गल्लीत होतं. मागच्या पडवीत त्यांची चक्की दिवसभर घरघरायची. ज्येष्ठमध, सुंठ, अडुळसा, एकामागून एक घमेलं तिच्या तोंडात रिकामं व्हायचं. आतल्या खोलीत मामा खाटेवर असायचे. आजारपणानंतर त्यांचा आवाज कुजबुजण्यापुरता उरला होता. चक्की थांबवून मामी नवं घमेलं ओतायला वाकल्या, की नेमकी मामांची हाक यायची आणि मामींचं डोकं फिरायचं. "एरवी मिठाची गुळणी धरून बसता, आणि माझे हात गुंतले की बरं सुचतं तुम्हाला!"

बेडकांचा अभ्यास करणारी भाची रेकॉर्डर घेऊन परसातल्या डबक्याकाठी बसली होती. संध्याकाळी ती हसतच पडवीत आली.

"मामी, तुमची बेडकं भारी हुशार! चक्की चालू असली की चिडीचूप. तुम्ही घमेलं ओतायला थांबलात, की तेवढ्यात सगळं ओरडून घेतात. एवढ्या गोंगाटात उगाच घसा कोण फोडणार?"

मामीही हसल्या. मग मध्येच थांबल्या. आपण मामांवर किती वेळा खेकसलो ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरलेलं घमेलं तिथेच ठेवून त्या आत गेल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या.

"बोला ना," त्या म्हणाल्या.

"पाणी दे, उशी सरकव, झालं माझं," मामा एका दमात म्हणाले. आता चक्की सुरू होणारच, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं.