नैवेद्याच्या कापडाआडची अळी

२०१७ साली चिखल्याच्या सूर्यकांतमामांच्या वाडीत चिकूच्या कळ्या गळू लागल्या. मोबाईलवर अळीचा फोटो पाठवला, तर कृषी सहायकाने कळवले, "नुसता काळा ठिपका दिसतोय. अळी कळल्याशिवाय औषध कसे सांगू?"

स्वच्छ फोटोसाठी मामांनी चिकूच्या रिकाम्या खोक्यात अळी लागलेली कळी ठेवली, खोक्याला दोन बाजूंनी खिडक्या कापून बाहेर बॅटऱ्या लावल्या. उजेड फार बोचरा पडला. मध्ये लावण्याजोगे पातळ पांढरे कापड घरात एकच होते, नैवेद्यावर झाकायचे.

"घ्या," वसुमतीमामी म्हणाल्या, "पण त्याच्याआड जीव मारायचा नाही."

"मेल्याशिवाय ती स्थिर कशी राहील?"

"तुम्ही राहा की स्थिर."

मामा तासभर बसले. अळी कळी पोखरताना फोटोत स्वच्छ आली. औषधाचे नाव लगेच आले.

मामींनी कापड धुवून वाळत घातले आणि फवारणीचा पंप काढून दिला.