चाचांची शिफ्ट

कासारवाडीत आमच्या शेजारी एक चाचा राहत. आमच्याच कंपनीत लेथवर टर्नर होते. कंपवाताने हात थरथरायला लागले तेव्हा त्यांना लेथ सोडावा लागला.

"डोक्यातलं ऑईल आटलंय, राव," ते सांगत. "नुसतं ऑईल दिलं तर डोक्यात शिरत नाही. ही गोळी शिरते, आणि आत गेल्यावर तिचं ऑईल होतं."

गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासाने हात स्थिर होत आणि तीनेक तास तसेच राहत. त्याला ते 'माझी शिफ्ट' म्हणत. दाढी, पत्र, सुईत दोरा, सगळं तेवढ्यात उरकत.

खंडेनवमीला मी त्यांना कंपनीत पूजेला नेलं. निघताना त्यांनी घड्याळ बघून गोळी घेतली. झेंडूची माळ घातलेल्या आपल्या जुन्या लेथपुढे ते उभे राहिले, तेव्हा हात अगदी स्थिर होते.

मला वाईट वाटलं. "चाचा, आज मशीन चालवत नाहीत. गोळी फुकट गेली."

त्यांनी लेथचं हँडल धरून सावकाश एक फेरा फिरवला.

"चालू असतं तर मला हात लावू दिला असता का कुणी?"