नारळाची शर्यत

वाळू एका जागी निवांत बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगावं. नाशिकरोड स्टेशनाबाहेरच्या टांगा स्टँडवर बाकीचे टांगेवाले पॅसेंजरची वाट बघत सीटवर आडवे व्हायचे, पत्ते कुटायचे, एकमेकांच्या बिड्या ढापायचे. हा गडी मात्र टांग्याभोवती फेऱ्या मारायचा. चाक हलवून बघ, नाल ठोकून बघ, धड असलेला पट्टा पुन्हा आवळ. गाडी लेट आहे म्हटलं तरी फलाटावर जाऊन डोकावून यायचाच. "अरे, तू गेल्यानं गाडी लवकर येती का?" निवृत्ती विचारायचा. निवृत्तीचा टांगा शेजारीच लागायचा आणि दोघांची दोस्ती पोरवयापासूनची. वाळू म्हणायचा, "बसलं की अंगाला मुंग्या येत्यात रे." पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलेला, दुसरं काय!

शांत होती ती त्याची घोडी. फिकट पिवळ्या अंगाची, म्हणून नवसाबाईनं तिचं नाव शेवंती ठेवलं होतं. नवसाबाई म्हणजे वाळूची बायको. ती बिटको चौकात मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसायची. दुपारी पाटी रिकामी झाली की रस्त्याच्या कडेला येऊन हात वर करायची. शेवंती तो हात लांबूनच ओळखायची आणि बरोबर तिच्यापुढं येऊन उभी राहायची. लगाम खेचायचं कामच नाही. मग नवसाबाईच्या पदराच्या गाठीतला गूळ तोंडात पडल्याशिवाय पुढं पाऊल टाकेल तर शपथ. टांग्यात पंचवटीला निघालेली सवारी खोळंबायची, चिडायची. एकदा एका मास्तरांनी विचारलंच, "टांगा कुणाचा, तुमचा की या बाईंचा?" वाळू म्हणाला, "टांगा माझा मास्तर, घोडी तिची. मी आपला मधल्या मधी."

आणि त्यानं शेवंतीला कधी चाबूक लावला नव्हता. चाबूक होता, पण त्याचं काम वेगळं. घोडीला पळवायचं असलं की वाळू चाबकाचा दांडा फिरत्या चाकाच्या आऱ्यांत धरायचा. कडकडकडकड असा आवाज निघायचा आणि त्यावर शेवंती कान मागं घेऊन जी सुटायची! जुने टांगेवाले सगळे असंच पळवायचे.

चिंचखेडीच्या जत्रेत तर हा नियमच होता. दारणेकाठचं हे गाव, आणि माघ पौर्णिमेला तिथं खंडोबाची जत्रा. घोडा देवाचं वाहन. त्याच्या दारात घोड्याच्या अंगाला चाबूक लागता कामा नये. शर्यत लावायची ती आऱ्यांच्या आवाजावर. वेशीपासून देवळापुढच्या चिंचेपर्यंत टांगे पळायचे, लोक भंडारा उधळत "येळकोट येळकोट" ओरडायचे, आणि बक्षीस काय? एक नारळ आणि एक फेटा. जिंकणाऱ्यानं तो नारळ तिथंच चिंचेखाली फोडायचा आणि पळालेल्या प्रत्येक जनावराला आपल्या हातानं खोबरं भरवायचं, शेवटून पहिल्या आलेल्यालासुद्धा. एक्क्याण्णव सालापासून चार-पाच वर्षं हा मान बहुतेक वाळूचाच. निवृत्ती हमखास शेवटचा यायचा आणि खोबऱ्याच्या वेळी सगळ्यांच्या पुढं उभा राहायचा. घोड्याचं खोबरं अर्धं स्वतःच खायचा मेला!

मग गावात यादवराव जत्रा कमिटीचे अध्यक्ष झाले. माणूस हौशी, वाईट म्हणता येणार नाही. कुणाबरोबर तरी पुण्याचं रेसकोर्स बघून आले आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. "तिकडं बक्षीस मोठं, म्हणून घोडे मोठे. आपण नारळ लावतो, म्हणून आपल्याकडं स्टँडवरची तट्टं येतात. बक्षीस वाढवा, जनावर आपोआप सुधारतं." त्या वर्षी त्यांनी अकराशे रुपये लावले. टाळ्या पडल्या. वाळूच जिंकला आणि त्यालाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

पण पलीकडच्या गावानं पुढच्या वर्षी पाच हजार लावले. आता चिंचखेडी मागं कशी राहणार? ह्यांनी अकरा केले, त्यांनी पंधरा. देवाच्या जत्रेचा बाजार मांडला दोघांनी मिळून! बक्षीस फुगलं तसे बाहेरगावचे टेम्पो यायला लागले. टेम्पोतून उंच, चकाकत्या अंगाचे घोडे उतरायचे. रेसकोर्सवर मागं पडलेले, मालकांनी स्वस्तात काढून टाकलेले, पण आपल्या टांग्याच्या घोडीपुढं राक्षसच. त्यांचे मालक स्पष्ट बोलायचे, "चाबूक नाही तर आम्ही नाही. एवढ्या पैशाला आम्ही काय भजन करायला आलो?" झालं, यादवरावांनी नियम काढला. "काळाबरोबर चाललं पाहिजे," म्हणाले. नारळ फोडणंही कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता जिंकणारा हारतुरे घेऊन टेम्पोत बसायचा, आणि हरणारा कडेला आपल्या घोड्याला बुकलून काढत असायचा. पूर्वी हरलेल्याची थट्टा व्हायची. आता त्याच्याजवळ जायची भीती वाटायची.

स्टँडवरच्या लोकांनी हळूहळू शर्यत सोडली. तसं स्टँडही सुटत चाललं होतं. रिक्षा आल्या, टांग्यात बसायला कुणाला वेळ नव्हता. निवृत्तीनं घोडा लग्नाच्या बँडवाल्याला देऊन टाकला आणि रिक्षा घेतली. दोन हजार तीनचा कुंभमेळा आला नि गेला, तेव्हा तर स्टँडवर एकटा वाळूच उरलेला. एकटाच फेऱ्या मारायचा. सवारी नाही, पत्ते कुटणारे नाहीत, थट्टा करणारं कुणी नाही. जीव नुसता खाली-वर व्हायचा त्याचा. घरी आला तरी तेच. ताटावरून उठून शेवंतीकडं जाऊन यायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. नवसाबाईनं हात टेकले होते. "आवं, घास तरी गिळा. घोडी कुटं पळून जात न्हाय," ती म्हणायची.

आणि अशातच दोन हजार चारच्या जत्रेला चिंचखेडीनं एक्कावन्न हजार लावले. वर मोटारसायकल.

बातमी निवृत्तीनंच आणली आणि नंतर जन्मभर पस्तावला. वाळूच्या डोळ्यांत दिवा लागला. आपण शेवंतीला पळवायची, बस्स! स्टँड गेलं, धंदा गेला, पण चिंचेखाली पहिलं कोण यायचं? वाळू यायचा. ते एकदा, एकदाच, त्या टेम्पोवाल्यांना दाखवून द्यायचं. पैशाचं काय करणार हे त्याला धड सांगता येईना. कधी म्हणे रिक्षा घेईन, कधी म्हणे नवा टांगा. नवसाबाईनं विचारलं, "रिक्षा घ्याल, मग शेवंतीचं काय?" तर उठून बाहेर निघून गेला.

शेवंतीचं वय झालं होतं. सरावाला नदीकाठच्या रेतीतून पळवताना तिच्या उजव्या पुढच्या पायाची शीर सुजली. वाळूनं हळदीचा लेप लावला, पट्टी बांधली. सूज उतरली, पण बोट लावलं की घोडी पाय उचलायची. नवसाबाईनं ते पाहिलं.

"हिला पळवू नका."

"उतरली की सूज."

"आवं, हात लावू देत न्हाय ती. पाय जाईल हिचा. पाय गेलेल्या घोड्याचं काय करत्यात ते तुमाला म्या सांगू?"

"तुला काय कळतं शर्यतीतलं? आन् जत्रंला येऊ नको तू. तू असली की माझं चित्त लागत न्हाय."

"घोडी माझी हाय म्हनत होता ना?" नवसाबाई म्हणाली. वाळू बसल्या जागी गुडघा हलवत राहिला.

पौर्णिमेला तो एकटाच टांगा घेऊन निघाला. मागून नवसाबाई निवृत्तीच्या रिक्षातून गेली. देवाला नेहमीप्रमाणं नारळ न्यायचा होताच. तो पिशवीत टाकून ती गर्दीतून पुढं सरकली आणि चिंचेपुढं शर्यत संपायची चुन्याची रेघ मारली होती, तिच्या थोडं अलीकडं, गर्दी अडवायच्या दोराला धरून उभी राहिली. वाळूला तिनं सांगितलं नव्हतं.

टांगे सुटले. धुरळ्यात आधी काही दिसेना. मग दोनच टांगे बाकीच्यांपासून सुटून पुढं आले. एक टेम्पोतून आलेल्या उंच काळ्या घोड्याचा, आणि दुसरा शेवंतीचा! लोकांना खरंच वाटेना. "अरे, स्टेशनवरचं तट्टू! वाळूची घोडी!" म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर उभी राहिली. वाळू दांडा आऱ्यांत धरून होता, कडकडकडकड आवाज घुमत होता, आणि शेवंती त्या आवाजावर जीव टाकून पळत होती. किती वर्षांनी बरं वाटत होतं वाळूला! अंगातल्या मुंग्या कुठल्या कुठं गेल्या होत्या.

मग काळा घोडा मानेनं पुढं सरकला. त्याचा हाकणारा उभा राहून सपासप चाबूक ओढत होता. वाळूनं आवाज वाढवला. शेवंतीनं जोर केला, पण पाऊल वाकडं पडायला लागलं. उजवा पाय टेकला की तिची मान खाली जायची. हे रेघेजवळ उभ्या असलेल्या नवसाबाईला लख्ख दिसत होतं. वाळूला दिसत होतं फक्त काळ्या घोड्याचं डोकं.

आणि वाळूनं दांडा आऱ्यांतून बाहेर काढला.

आवाज थांबला. शेवंतीनं कान ताठ केले, तिला कळेना काय झालं. तेवढ्यात पहिला फटका पाठीवर बसला. मग दुसरा. मग फटके मोजायच्या पलीकडं गेले. वाळू दात-ओठ खात मारत होता. घोडी बिथरून पळाली, बरोबरीला आली, नाकभर पुढंही गेली. रेघ समोर होती.

नवसाबाई दोराखालून पुढं झाली आणि तिनं हात वर केला.

शेवंतीनं तो हात पाहिला. तिला आयुष्यभर एकच ठाऊक होतं. ती पळता पळता आवरली, रस्ता सोडून कडेला वळली, आणि नवसाबाईच्या पुढं येऊन उभी राहिली. काळा घोडा रेघ ओलांडून गेला. क्षणभर कुणाला कळलंच नाही, मग सगळी जत्रा खदाखदा हसली. कुणीतरी ओरडलं, "सवारी भरा, सवारी! पंचवटी, पंचवटी!"

वाळू चाबूक घेऊनच खाली उडी मारून आला. तोंड काळंनिळं झालेलं. "तू हात केलास?"

"मीच केला."

"मुद्दाम केलास?"

"व्हय, मुद्दाम केला. मारा आता मला. तिला पुरं झालं."

वाळूचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. शेवंती नवसाबाईच्या पदराच्या गाठीला तोंड लावत होती, गूळ शोधत होती. उजवा पाय तिनं अधांतरी धरला होता. पाठीवर वळ उठले होते, एका वळातून रक्त येत होतं. ह्या अंगाला रोज खरारा करणारा हात त्याचाच होता. वाळूनं चाबूक टाकून दिला. "जिंकलो असतो ग," एवढंच म्हणाला.

"जिंकला असता," नवसाबाई म्हणाली. तिनं ते नाकारलं नाही.

निवृत्तीनं रिक्षाला टांगा बांधून नेऊ म्हटलं, वाळूनं ऐकलं नाही. शेवंतीला मोकळी केली, आणि स्वतः दोन दांड्यांच्या मध्ये शिरून रिकामा टांगा ओढायला लागला. बाजूनं नवसाबाई घोडीला धरून चाललेली. पोरं मागं लागली, "नवं घोडं, नवं घोडं!" म्हणून नाचली. वाळूनं मान वर केली नाही. निवृत्ती रिक्षा हळूहळू मागं ठेवून रडत येत होता.

गावाबाहेर नदीच्या उताराला शेवंती थांबली. तिला चालवेना. नवसाबाईनं पिशवीतला नारळ काढून वाळूपुढं धरला. "देवाला द्यायचा राहिला. फोडा. शर्यत झाली ना?"

वाळूनं चाकाच्या लोखंडी धावेवर नारळ फोडला. पाणी सगळं सांडलं. एक तुकडा निवृत्तीला दिला, एक नवसाबाईला. मग सगळ्यांत मोठा तुकडा तळहातावर घेऊन तो शेवंतीजवळ गेला, जसा पूर्वी चिंचेखाली जायचा.

हात पुढं होताच शेवंतीनं झटकन मान मागं घेतली आणि डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत त्याच्या हाताला ती कधी बिचकली नव्हती.

"खा ग बाई," वाळू म्हणाला. "खा. न्हाय मारत."

ती खाईना. नवसाबाईनं स्वतःचा तुकडा पुढं केला, तो तिनं लगेच घेतला. वाळूचा हात तसाच. नवसाबाई म्हणाली, चला, ऊन उतरलं. निवृत्ती म्हणाला, चल रे, उद्या खाईल. वाळू हलला नाही. एका जागी कधी न टिकलेला तो माणूस रस्त्याच्या कडेला तळहात पसरून उभा राहिला.