सिलिंडरला दुसरं पाणी

घाटकोपरला आग्रा रोडवरच्या गॅरेजात इंजिन उघडलं की सिलिंडर आतून घासायचं, म्हणजे होनिंगचं काम गुणाजीचंच. ड्रिलला दगड लावून, रॉकेल सोडत तो असा वरखाली फिरवायचा की आत बारीक तिरक्या रेघा उमटत. तेल धरायला त्या लागतातच. हात देवाने दिलेला, माज मात्र त्याने स्वतः कमावलेला. शेजारच्या फिटरला, सहदेवला, हेच काम हवं होतं. शेटनी ते गुणाजीला दिलं आणि दोघांचं बोलणं तुटलं. एका गावचे, एका चाळीतले, पण निरोप बायकांमार्फत! शुद्ध पोरकटपणा, दुसरं काय?

घासून झालं की साबणाच्या गरम पाण्याने सिलिंडर धुवायचा आणि आत पांढरं फडकं फिरवायचं. फडकं करडं निघालं तर दगडाची पूड आत राहिली, ती इंजिन खाणार. हल्ली गुणाजीचं फडकं पहिल्याच पाण्यात पांढरं दिसे. डोळ्यांवर पडदा येतोय हे त्याला कळत होतं. शेटना कळलं तर काम जाणार. बायकोला, जानकीलाही त्याने सांगितलं नव्हतं.

एका दुपारी चहाला गेलेला गुणाजी तंबाखूची पुडी विसरली म्हणून परतला, तर सहदेवचा हात कोपरापर्यंत त्याच्या सिलिंडरमध्ये.

"काय करतोस रे माझ्या इंजिनात? वाट लावायचीय माझी?"

सहदेवने फडकं पुढे केलं. "कसं आहे?"

"पांढरं."

"काळं आहे, गुणा. गणपतीपासून दुसरं पाणी मीच देतोय. ओरडू नकोस."

गुणाजी मटकन स्टुलावर बसला. ज्याच्याकडे आपण पाठ फिरवून बसलो, तोच आपली भाकरी राखत होता. त्याला रडू आवरेना.

तेवढ्यात शेट आले. "झालं का रे इंजिन?"

सहदेव 'हो' म्हणणार, तोच गुणाजी उठला. "शेट, मला नीट दिसत नाही. मागून हाच धुवायचा."

सहदेवने कपाळाला हात लावला. शेट सहदेवकडे वळले. "मग आजपासून होनिंग तू घे, सहदेव."

ज्या कामासाठी तो इतका जळला, ते आयतं हातात आलं होतं.

"नको शेट. माझा हात तसा नाही. हात याचा, डोळे माझे. याच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत असंच चालू द्या."

"इंजिन संध्याकाळी हवंय," एवढंच म्हणून शेट वळले.

"उभा काय राहिलास? गरम पाणी आण," सहदेव खेकसला, आणि गुणाजी बादली घेऊन धावलाच.