त्याची पाठ नवीन नव्हती

कुणी काही विचारलं की तो दोन्ही हात शर्टाला पुसायचा आणि म्हणायचा, "नो प्रॉब्लेम, सर." फोरमन सर, चहावालाही सर.

गल्फात राहिला असाल तर तुम्हीही असंच बोलला असाल. साहेबाने "कोई प्रॉब्लेम?" विचारलं तरी प्रॉब्लेम सांगायचा नसतो. सांगितला की व्हिसा कॅन्सल, खलास. मी शटरिंगचा सुतार, चौथी शिकलेला. ही अक्कल त्याला मीच दिली होती. तो सिलोनचा तमिळ, वेल्डर. नव्वदनंतर आम्ही दुबईत सोनापूरच्या कॅम्पात होतो, खाटेला खाट लागून.

आंघोळीला आम्ही सगळे उघडे, हा बनियन घालून. आम्ही छळायचो, "काय रे, नवी नवरी का तू?" तो हसायचा. एकदा भिजलेलं बनियन वर सरकलं आणि मला त्याची पाठ दिसली. चामडी अशी, जणू कुणी नांगरलेली. त्यानंतर मी छळणं सोडलं, इतरांनाही दम भरला.

साइट संपली. माणसं घरी धाडायला काढली, त्यात हा. म्हणाला, "चाचा, उधर आर्मी उठाके ले जाएगा. एक बार ले गया था."

अबूधाबीला अशा, आसरा मागणाऱ्या लोकांचे अर्ज घेणारं एक ऑफिस होतं. मी सोबत गेलो, बाहेर उन्हात बसलो. तो आला तो खुशीत.

"मॅडम बहुत अच्छा, चाचा. पूछा, आर्मी से कोई प्रॉब्लेम? मैं बोला, नो प्रॉब्लेम, मॅडम."

मी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, तिथे फोरमन होता का?"

"वो भी कुर्सी पे बैठी थी, चाचा."

अर्ज फेटाळला. वर एकदा दाद मागता येते म्हणाले. मागितली, तर बोलावलंसुद्धा नाही, कागदावरच नाही म्हणाले. मग दुबईच्या देरा बाजारातल्या टायपिंगवाल्याकडून नवीन अर्ज केला. आता सगळं लिहिलं, आर्मीने बांधून मारलेलंही. खाली साक्षीदार म्हणून मी सही ठोकली, पाठ मी डोळ्यांनी बघितली आहे म्हणून.

त्याच ऑफिसच्या खिडकीतल्या क्लार्कने कागद परत सरकवला. "इसमें नया क्या है? ये सब पहले का है. पहले क्यों नहीं बताया? एक ही केस बार बार नहीं सुनते."

"पाठ तर बघा, साहेब!"

"पीठ भी पुरानी है."

"मग आम्ही कोर्टात जातो."

"इस पर कोई कोर्ट नहीं है, चाचा."

आमच्या गावात दीड हात बांधाचं भांडण तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत चढतं. एका आंब्याच्या झाडापायी माझ्या चुलत्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि दर वेळी कुणीतरी त्याचं ऐकून घेतलं. झाडाला एवढं, मग माणसाला? लोक खोटे अर्ज घेऊन पुन्हा पुन्हा येतात, म्हणे. येत असतील. म्हणून खऱ्याने एका दमात, न अडखळता सगळं ओकायचं? मार खाल्लेला माणूस पहिल्याच भेटीत परक्या बाईपुढे शर्ट काढतो काय? हा नियम ज्याने केला, त्याला कधी कुणी बांधून मारलं नसणार.

कंपनीच्या गाडीने त्याला विमानतळावर नेलं. पासपोर्ट कंपनीच्या माणसाच्या खिशात. मी हट्टाने गाडीत बसलो. दारात तो म्हणाला, "पहुँचके चिट्ठी डालेगा, चाचा." ती आजवर आलेली नाही. टपाल गहाळ होतं, अशी समजूत घालणारे भेटतात. मला समजूत नको.

त्या दिवशी कॅम्पात परतलो तर त्याच्या खाटेवर नवीन माणसाची बॅग. मी ती उचलून माझ्या खाटेवर ठेवली. त्या माणसाला म्हटलं, "तू इथे झोप." आणि मी जाऊन वेल्डरच्या खाटेवर बसलो.

कॅम्पबॉस आला. "चाचा, ये बेड अब इसका है. यल्ला, उठो."

"आज नाही."

"रूल है, चाचा."

"रूल तुझ्यापाशी ठेव," म्हटलं, आणि चपला काढून पाय वर घेतले.