ट्रॉलीच्या मागचा दिवा

ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, म्हणून मी होतो. आमच्या आष्टीकडून ऊसतोडीला निघणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरांची हीच तऱ्हा. ट्रॉली नवी असते तेव्हा दिवा असतो, लाल रेडियमच्या पट्ट्याही असतात. मग ऊस भरता-उतरवताना दिवा फुटतो, पट्ट्या चिखलाने बुजतात, आणि ‘बसवू की पुढच्या खेपेला’ म्हणता म्हणता सीझन सरतो. यावर आमच्या लोकांनी काढलेला तोडगा असा: टोळीतल्या कुणाची तरी मोटारसायकल कारखान्यावर न्यायचीच असते, तर त्याने ती ट्रॉलीच्या मागेमागे चालवायची. तिचा मागचा लाल दिवा तोच ट्रॉलीचा दिवा. त्या वर्षी मोटारसायकल माझी होती.

ट्रॅक्टर माझा मेव्हणा चालवत होता. ट्रॉलीत गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, कोपीसाठी, म्हणजे तिथल्या झोपडीसाठी ताडपत्र्या, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर बायामाणसं. माझी बायको अगदी मागच्या फळीशी, माझ्याकडे तोंड करून बसलेली. मांडीवर आमची चार वर्षांची मुलगी. म्हणजे मागून कुणी आलंच अंगावर, तर आधी मी आणि लगेच त्या दोघी. निघताना हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

रात्री अवकाळी पाऊस भुरभुरून गेला होता. पहाटे सहाला आष्टी मागे पडली आणि धुक्यात रस्ता दिसेनासा झाला. मी शहाण्यासारखा अप्पर लावला, दिव्याचा झोत लांब टाकला. झालं, नाकासमोर पांढरी भिंत उभी राहिली आणि ट्रॉलीच गायब! घाबरून डिपर केला, झोत खाली घेतला, तेव्हा कुठे फळी दिसली, बायकोची हिरवी शाल दिसली. डावा इंडिकेटरही चालू ठेवला. लुकलुकणारं लवकर नजरेत भरतं, आणि मागचा उजवीकडून निघून जातो, असा माझा हिशेब.

मेव्हण्याने वेग अगदी कमी केला, तसा मी पुढे होऊन त्याच्या बरोबरीला आलो. “दाजी, धुई लई हाय. थांबू का?”

“आरं, इथं कुठं थांबतो? बाजूला जागा न्हाई. उभ्या ट्रॉलीवर कुणीबी येऊन चढंल. हळू चल, पर चल.”

थांबायचं नाही हे मीच ठरवलं. पुढे दिवसभर मला तेच टोचत राहिलं.

मी पुन्हा मागे आलो. त्यानंतर माझा एक डोळा ट्रॉलीवर आणि एक आरशावर. आरशात पिवळा डाग उमटला की पाठ ताठ व्हायची. डाग मोठा व्हायचा, त्याचे दोन दिवे व्हायचे, ट्रक उजवीकडून पाणी उडवत निघून जायचा. मग मी श्वास सोडायचो. असे सात-आठ गेले. दिवे लावून येणाऱ्याची भीती वाटते खरी, पण त्याचा अंदाज तरी येतो.

आठच्या सुमाराला धुकं तेवढंच होतं, पण उजाडलं होतं. आणि उजाडलं की आपली माणसं दिवा बंद करतात. दिवसा दिवा जाळणं म्हणजे वेडेपणा, बॅटरी उतरते, लोक हसतात. समोरून दुधाच्या कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला आला. त्याचा दिवा बंद. जाता जाता माझ्याकडे बघून त्याने पंजा उघडला-मिटला: लाइट चालू राहिलाय तुमचा! मला असा संताप आला म्हणून सांगू! “राहू दी की चालू! तुझ्या बापाचं काय जातंय?” मी ओरडलो. तो केव्हाच धुक्यात गेला होता.

तेवढ्यात मागे घरघर ऐकू आली. आरशात बघितलं तर पांढरं. डाग नाही, काही नाही. घरघर वाढली. मोठी गाडी होती, आणि दिवे बंद होते. किती लांब, कोणत्या बाजूने, काही कळेना. मागे वळून बघावं तर पुढे ट्रॉलीवर आदळेन. समोर बायको हात हलवत होती, तिचं तोंड हलत होतं. ट्रॅक्टरच्या आवाजात एक अक्षर ऐकू येईना. मला वाटलं, पोरीला काही होतंय.

मग घरघर थेट पाठीत आली आणि माझ्या हातांनी हँडल डावीकडे फिरवलं. मी फिरवलं, असंच म्हटलं पाहिजे. गाडी खाली बाभळीत घसरत गेली, आणि तेवढ्या वेळातही मला स्वच्छ कळलं की ट्रॉलीच्या मागे आता काहीच नाही.

ब्रेकचा कर्कश आवाज आला, मग पत्रा चेपल्याचा. मी डोळे मिटून ओल्या मातीत बसून राहिलो. उघडायची हिंमत होईना. बऱ्याच वेळाने कळलं, ट्रॅक्टरची धडधड अजून चालू आहे.

ट्रकने ऐनवेळी उजवीकडे घेतलं होतं. ट्रॉलीच्या कडेला बांधलेली पाण्याची घागर तेवढी चेपून रस्त्यावर पडली होती. ट्रक निघून गेला होता. बायको खाली उतरून पोरीला छातीशी धरून उभी होती.

मेव्हणा धावत आला. “दाजी, घसरलात का?”

“हं,” मी म्हणालो. “घसरली गाडी.”

बायको माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही.

कारखान्यावर पोचेपर्यंत मी फळीपासून दहा हातांवर मागे राहिलो, आणि ती माझ्याकडे बघत बसली. जेवायला थांबलो तिथेही बोलली नाही. तिने सगळं पाहिलं होतं. मी घसरलो नव्हतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कोपी घालताना तिने ताडपत्रीचं टोक मुकाट्याने माझ्या हातात दिलं, तेव्हा माझा तोल गेला.

“बोल की एकदाचं! टाकून गेलतो तुमाला, म्हण!”

तिने गळ्याला हात लावला. आवाज पार बसला होता. फाटक्या घोगऱ्या आवाजात कसंबसं म्हणाली, “बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून किती वरडले मी. लई येळ लावला तुमी.”